गॅरेजमधली ऊब

"बूट तिथंच काढा, डॅड. बर्फ आत आणू नका. ओल चालत नाही इथं."

रॉडनी गॅरेजच्या छोट्या दारात आडवा उभा होता. तोइवो लाह्ती वाकले, पण ब्याऐंशी वर्षांच्या बोटांना नाड्या सुटेनात. शेवटी मार्लिसनं गुडघे टेकून बापाचे बूट काढले. ती उठली, तेव्हा भावाकडे तिनं बघितलं नाही.

ती दोघं मार्लिसच्या घरून, सरोवरावरचा पूल ओलांडून, तोइवोंचं मासेमारीचं सामान न्यायला आली होती: गळ, बुटकं स्टूल आणि गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं गिरमिट. 'शनिवारपर्यंत न्या, नाहीतर टाकून देतो,' असं रॉडनीनं फोनवर सांगितलं होतं.

आत गाडी नव्हती. जाड गालिचे होते, गादीसारख्या भिंती होत्या आणि समोर छातीइतके उंच, काळे कुळकुळीत दोन स्पीकर. नवा ट्रक आला असता तेवढ्या पैशात. रॉडनीचे दोन मित्र, गॉर्डी आणि व्हर्लिन, कोट मांडीवर घेऊन, शर्टाच्या बाह्या सारून बिअर पीत बसले होते. त्यांचा वाद रंगात आला होता.

"गॅरेज ते गॅरेजच," व्हर्लिन म्हणाला. "एवढी महागाची वस्तू घरात ठेवावी. इथं ते लोखंडी दार थरथरणार. ढोल वाजला की आवाजाचा नुसता चिखल."

"घरात याची बायको शेरिल ठेवू देईल होय!" गॉर्डी खिदळला. "तिनं यालाच इथं ठेवलं नाही, हे नशीब."

"काही थरथरत नाही," रॉडनी म्हणाला. "दाराला आतून जाड थर दिलाय. भिंतीत कापूस ठासलाय. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. चोवीस तास एकसारखी ऊब. या स्पीकरांच्या पडद्याचा कागद फार नाजूक असतो रे, गारठा लागला की संपलं."

मार्लिस कोपऱ्यातलं स्टूल उचलत होती. ती तशीच थांबली. उजवा स्पीकर उभा होता त्या जागी दोन हिवाळे तोइवोंची खाट होती. गेल्या जानेवारीत ती भेटायला आली, तेव्हा उशाशी ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. त्याच दिवशी तिनं बापाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसं भरलेली होती.

"नळ्या टाकायला किती दिवस लागले?" तिनं विचारलं.

"तीनच. चांगला माणूस मिळाला." मग रॉडनीला तिचा चेहरा दिसला. "तेव्हा वायरिंग जुनं होतं, मार्लिस. साधा हीटरसुद्धा झेपत नव्हता. तुला सांगितलं होतं मी."

"आणि आता?"

"आता नवीन केलं."

"कुणासाठी?"

गॉर्डी बिअरच्या डब्यात डोकावून बघू लागला.

"अगं, जमीन गरम आहे!" तोइवो म्हणाले. मोजे घातलेला एक पाय त्यांनी उचलला, पुन्हा टेकवला. मग ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत गेले आणि परत आले. "मार्लिस, बूट काढून बघ तरी."

 नव्या गालिच्याचा वास, बिअरचा वास, त्या तिघांच्या अंगांचा उबदार वास.

"या, बसा डॅड." रॉडनीनं बापाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "बरोबर मधोमध. मान हलवायची नाही." त्यानं तबकडीवर सुई टेकवली. एक बाई संथपणे गाऊ लागली. "डावीकडं उभी राहून गातेय की नाही? हात लावावा अशी?"

तोइवोंनी मान न हलवता डावीकडं बघायचा प्रयत्न केला. "हो. छान आहे."

"ऐकलंस, व्हर्लिन?" रॉडनीनं बापाच्या पाठीवर थाप मारली. "दोन वर्षं इथं राहिलेला माणूस सांगतोय! यांच्यापेक्षा हे गॅरेज कुणाला जास्त माहीत? आता बोल, शोभतंय की नाही?"

व्हर्लिन कसनुसं हसला.

मार्लिसनं स्टूल खाली ठेवलं. भिंतीवरचं बटण दाबलं. मोठं लोखंडी दार करकरत वर सरकू लागलं, आणि सरोवरावरचा वारा भुरभुर बर्फ घेऊन सरळ आत घुसला.

"ए! बंद कर! वेड लागलं का तुला?"

ती बटणाला पाठ लावून उभी राहिली. रॉडनी तिच्याकडं धावलाच नाही. त्यानं अंगातला स्वेटर ओरबाडून काढला, उजव्या स्पीकरवर टाकला आणि त्याला कवेत घेऊन उभा राहिला. "दुसऱ्यावर टाका काहीतरी! गॉर्डी! लवकर!"

गॉर्डीनं कोट उचलला आणि घाईघाईनं स्वतःच्याच अंगात चढवला. व्हर्लिननंही तेच केलं.

तोइवो खुर्चीतून उठले. त्यांनी आपला कोट काढला. मोज्यांवरच चालत डाव्या स्पीकरपाशी गेले, कोट त्याच्यावर घातला, दोन्ही बाह्या पुढं ओढून घेतल्या आणि बटणं लावायला घेतली. वाऱ्यानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"डॅड!" मार्लिस ओरडली. तिनं वळून भिंतीवरचं बटण दाबलं. दार फार सावकाश खाली येत होतं.

"कोटाचं वरचं बटणही लावा, डॅड," रॉडनी म्हणाला. "फटीतून हवा जाते."