लेकीची चिप

या मायबाप, जवळ सरका. गोष्ट चिमूटभर आहे, पण बापाच्या काळजाची आहे.

मोटारसायकलींच्या शर्यतीची वेळ नोंदवणारे बाबा आदल्या दिवशी गाड्यांना लावायची एकेक चिप तपासत होते. चिप घेऊन शर्यतीची शेवटची रेषा ओलांडली, की पडद्यावर त्या गाडीचा नंबर उमटे. लेकीची पहिलीच शर्यत, म्हणून तिची चिप त्यांनी खिशात जपून ठेवली.

"बाबा, माझी लावलीत ना?"

"अगं वेडे, तुझी विसरेन होय? सगळ्यांच्या झाल्या, की निवांत लावतो."

शर्यतीत लेक सर्वांच्या आधी रेषेपार गेली. बाकीचे स्वार पोचताच बाबा हर्षाने रेषा ओलांडून तिच्याकडे धावले.


तेव्हा कुठे पडद्यावर लेकीचा नंबर उमटला. सगळ्यांच्या शेवटी, बाबांच्या खिशातून.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा या बापाची आठवण असू द्या.