बुटकीची लेखनिक

"हिला बदलून द्या," परीक्षेच्या खोलीबाहेर बुटकी पर्यवेक्षकांना म्हणाली. तिचा उजवा हात महिनाभरापासून प्लास्टरमध्ये होता.

"आता? दहा मिनिटांत पेपर सुरू होतोय. खालच्या वर्गातली लेखनिक मिळाली, हेच नशीब समज."

मघाशी फाटकाशी वर्गातली ढापणी याच मुलीची वेणी नीट करत होती. "घाबरू नकोस, सांगितलंय तसंच कर," हे तिचं बोलणंही बुटकीने ऐकलं होतं. मैत्रिणीला विचारलं, तर ती उडालीच. "अगं, ढापणीची सख्खी बहीण ती! तुला माहीत नव्हतं?"

संशोधन संस्थेत जागा एकच. जी पहिली येईल, तिला. तीन वर्षं वर्गात बुटकी आणि ढापणी, याच दोघींची चुरस. आणि बुटकीचा पेपर लिहिणार कोण, तर ढापणीची बहीण! काय पण थट्टा!

बुटकीला आणि त्या पोरीला वेगळी खोली दिली होती. बुटकी सांगू लागली. पोरीचं पेन भराभर पळत होतं.

"थांब. वाचून दाखव."

पोरीने वाचलं. बरोबर होतं.

"आकडे परत वाच."

तेही बरोबर. पुढे दर वाक्याला हेच. "ताई, वेळ जातोय," पोरगी हळूच म्हणाली. तशी बुटकीला जास्तच शंका आली. घंटा झाली तेव्हा वीस गुणांचा शेवटचा प्रश्न कोरा होता, आणि उत्तर तिला तोंडपाठ होतं. घरी जाऊन ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

निकाल लागला. ढापणी पहिली, बुटकी दुसरी. फरक चार गुणांचा. जिंकली एकदाची, तीही बहिणीला पुढे करून, असं बुटकीला वाटलं. राग नुसता उतू जात होता.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी कॉलेजच्या पायऱ्यांवर दिसली. डोळे सुजलेले. बुटकीने तिला अडवलंच.

"काय गं, काय शिकवून पाठवलं होतं तुझ्या ताईने?"

"भरभर लिहायला. तुम्हाला लेखनिक मिळेना, म्हणून तिनेच माझं नाव दिलं होतं. तीन आठवडे रोज दोन तास, घड्याळ लावून. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून सांगायची मला."

बुटकी तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"सॉरी हं. तुम्ही सारखं वाचायला लावत होतात, म्हणजे मीच चुकत असणार. शेवटचा प्रश्न माझ्यामुळेच राहिला, असं घरी सांगितलं मी. ताई म्हणाली, असा नंबर मला नको. जागा सोडल्याचं पत्र तिने सकाळीच दिलं. आता तुम्हीच जाणार, ताई."