मस्कत ते दिंडोशी

"पावणेतीन तास!" बळवंतने मोबाइल बायकोच्या नाकासमोर नाचवला. "बघ, मालन! मस्कत ते मुंबई, पावणेतीन तास. आपली कणकवली नऊ तासांर, तरी म्हाताऱ्या आवशीच्या एका हाकेक मी धावत गेलंय. आणि तुझ्या झिलाक पावणेतीन तास जड?"

राग आला की देवेश एकट्या मालनचा मुलगा व्हायचा.

सकाळी त्याचा फोन आला होता. "बाबा, ह्या चतुर्थीलाही नाही जमत. बढती मिळाली ना, सगळी साइट माझ्यावर आलीय. इथून पायच निघत नाही." बळवंतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाय निघत नाही, की मन?" म्हणून त्याने फोन कापला आणि मग विमानाची वेळ शोधून काढली. ती त्याने जिन्यात भेटेल त्याला दाखवली. वॉचमनला दाखवली. पूजेला आलेल्या भटजींनाही सोडलं नाही. भटजींना अजून चार घरं करायची होती. "विमानं फार वेगवान झाली हो," एवढंच म्हणून त्यांनी पळी-पंचपात्र गोळा केलं.

मालन मात्र मोदक वळत होती, आणि तिचाही चेहरा काही बरा नव्हता.

आरती झाली. आता गाऱ्हाणं. घरच्या कर्त्याने देवापुढे नारळ ठेवून घराचं मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा, ही मालवणी माणसाची रीत. दिंडोशीच्या दोन खोल्यांतही ती सुटलेली नव्हती. बळवंतचं गाऱ्हाणं त्याने स्वतः बांधलेलं होतं, देवेश मस्कतला गेला त्या वर्षी. सहा वर्षांत त्यातलं अक्षर बदललं नव्हतं. आज रागाने आवाज तेवढा चढलेला.

"बा देवा महाराजा! माझो झील समुद्रापलीकडे पोटाक गेलोहा..."

"व्हय महाराजा!"

"थंय त्येका मोठो कर, त्येचो जम बसव..."

"व्हय महाराजा!"

"आणि त्येचो पाय थंयसून हलवू नको, महाराजा!"

"व्हय महाराजा!" शेजारपाजारचे वीस जण एकदम गरजले. भिंतीवरचं घड्याळ हललं.

बळवंतने नमस्कार केला आणि उठता उठता पुन्हा तोंडाचा पट्टा सोडला. "आपण हंय घसो फोडायचो, आणि पोरगो थंय मजेत! बापाची पर्वा नाय, देवाची नाय. असली अवलाद..."

"पुरे!" मालनने प्रसादाचं ताट दाणकन खाली ठेवलं. सहा वर्षं गिळलेला राग तिच्या डोळ्यांत उतरला होता.

"पोराक कित्याक गाळी घालतास? मागलात ताच मिळाला. देव काय बहिरो नाय."