सिरोंच्याचा पत्ता

"हे पाहा मावशी," मोबाईलवाल्या पवनने फोन काउंटरवर सरकवला. "या अॅपचं नाव बॅटरीचं, पन काम वेगळंच. तुमची सून कुठी जाते, ते दुसऱ्याच्या फोनवर दिसून राह्यलं."

अन्नपूर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं. रीताच्या हाताचं प्लास्टर गेल्याच आठवड्यात निघालं होतं.

"म्हणजे अजयले यातूनच समजे?"

"नाई तं कशातून?"

अन्नपूर्णाबाईंना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीच लाज वाटली. अजय त्यांच्याच पोटचा. त्याने बायकोचा हात मोडला, तेव्हा त्यांनीच सुनेला चंद्रपूरच्या घरातून बाहेर काढलं आणि मोहर्लीच्या एका रिसॉर्टात स्वयंपाकघराच्या देखरेखीला लावून दिलं. आठ दिवसांत अजय तिथे हजर. मग जिवतीला मैत्रिणीकडे धाडलं. तिथेही दारात अजय.

"काढ रे बापू ते भूत."

"थांबा. आधी फोटो घेऊ, पोलिसाले दाखवाले कामी येईल." पवनने फोटो घेतला, बोटं चालवली, रीताकडून नवा पिन टाकून घेतला. "आता हा फोन कोणाच्या हाती देऊ नका, वहिनी."

"सासूच्याबी नाई?"

"सासूच्या तं बिलकूलच नाई!"

तिघंही हसले.

बसस्टँडवर रीता सासूच्या कानाशी वाकली. "आई, सिरोंच्याले चाल्ली. नदीच्या घाटाजवळ, चंदाबाईकडं. तुमच्याशिवाय कोणालेच ठाऊक नाई."

"मले काऊन सांगतं, बाई?" अन्नपूर्णाबाईंचा आवाज चिरकला.

"मंग कोणाले सांगू? माय तं नाई मले."

बस वळेपर्यंत त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी अजयचा फोन आला. "आई, अख्खा घाट पालथा घातला. चंदाबाई नावाची कोणीच नाई इथी. नीट सांग, कुठी हाये ते?"

"तू तं माफी मागाले जातो म्हणत होता ना रे..."

त्याने शिवी हासडून फोन ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी रीताचा नंबर लावला. बंद. त्या तशाच पवनच्या दुकानात आल्या.

"बापू, तिचा नवा नंबर असंल तं दे. ते अॅप पुन्हा तं नाई ना आलं तिच्या फोनात?"

पवनने एका फोनच्या स्क्रीनगार्डखालचा बुडबुडा अंगठ्याने दाबून काढला.

"मावशी, त्या फोनात काहीच नव्हतं," तो म्हणाला. "तुमच्यासमोर 'सापडलं' असं म्हणाचं, हे वहिनीनंच सांगितलं होतं."