बाहुल्यांच्या गोधड्या

वर झालेले हात मोजले, तर निम्मे सॉफ्टवेअरकडे, निम्मे यंत्राकडे.

“झालं!” बेव्ह म्हणाली. “आता काय, नाणं उडवायचं?”

चर्चच्या तळघरात हशा पिकला. बेव्ह गोधडी मंडळाची अध्यक्ष. उन्हाळ्यातल्या जत्रेत मंडळानं एक मोठी गोधडी सोडतीला लावली होती, आणि तिच्या पैशांत दोहोंतलं एकच येणार होतं. कॉम्प्युटरवर गोधडीचे नमुने आखायचं सॉफ्टवेअर, नाहीतर कापड कापायचं यंत्र.

सॉफ्टवेअर हवं होतं लोर्नाला. यंत्र हवं होतं म्हाताऱ्या आर्डिसला.

लोर्ना मंडळात सगळ्यांत नवी. ओमाहा शहरातलं घर विकून ती नि तिचा नवरा गेल्या वर्षी मक्याच्या शेतांमधल्या या गावात आले. सुईशी तिची ओळखही तशी अलीकडचीच. तिच्याकडे एक चिमुकली गोधडी होती, फिकट हिरव्या नि पांढऱ्या त्रिकोणांची, ओमाहात कुणीतरी दिलेली. त्याच नमुन्याची, पलंगभर पसरेल अशी गोधडी तिला शिवायची होती. पण नमुना काही केल्या वाढत नव्हता. सगळे त्रिकोण उगवतीकडे तोंड करून बसलेले, आणि खालच्या कोपऱ्यातला एकच मावळतीकडे. त्या एकाचा मेळ बसेना. लोर्नानं कागदांवर कागद चुरगळले होते. कॉम्प्युटरला तरी हे कोडं उलगडेल, एवढीच तिची आशा.

आर्डिसचं गाऱ्हाणं सरळ होतं. बोटांचे सांधे सुजलेले. कापायचं पातं हातात ठरत नसे, कड वाकडी जाई. यंत्रात मात्र साच्यावर कापडाची घडी ठेवायची, दांडा फिरवायचा, की सगळे तुकडे एकसारखे पडतात.

“यंत्र नाही आलं तर माझ्या छोट्या गोधड्या बंदच समजा,” ती म्हणाली होती.

त्या छोट्या गोधड्या म्हणजे मंडळाची जुनी थट्टा. दोन विती लांब, तेवढ्याच रुंद. आर्डिस त्या इथं कधी आणत नसे. घरीच शिवायची, खोक्यात भरायची नि स्वतः गाडी चालवत ओमाहात पोचवून यायची. बाहुल्यांसाठी का, असं कधीकाळी कुणीतरी विचारलं होतं, आणि ती नाही म्हणाली नव्हती.

“आर्डिसच्या कृपेनं अख्ख्या नेब्रास्कात एकही बाहुली थंडीनं कुडकुडत नाही!” बेव्हनं टोला हाणला.

“नाही कुडकुडत खऱ्या,” आर्डिसही हसली. कॉफीत चमचा फिरवत राहिली. साखर तिनं घातलीच नव्हती.

लोर्नाला मात्र हसू आलं नाही. “आर्डिस, राग मानू नका. पण कड जराशी वाकडी गेली, तर बाहुली काय तक्रार करणार आहे?”

“आजवर तरी कुणी केली नाही.”

“मग?”

“मी जोडीनं शिवते. एकासारख्या एक, दोन. दोन्हींत सुताचाही फरक नको मला. हातानं आता ते साधत नाही गं.”

“पण दोन्ही शेजारी ठेवून बघणार कोण आहे?”

“कुणीच नाही,” आर्डिस म्हणाली. “म्हणून तर.”

“आता हे आणखी काय?” बेव्ह म्हणाली. “एकदा दाखव तरी, बाई! इतकी वर्षं नुसतं ऐकतोय.”

आर्डिस थोडी घुटमळली. मग पिशवीतून तिनं एक जोडी काढली आणि टेबलावर अंथरली. पिवळ्या नि पांढऱ्या त्रिकोणांच्या दोन गोधड्या, सायीसारख्या मऊ.

“ही कड बघा, कशी गेलीय. ही जोडी काही माझ्यानं देववणार नाही.”

लोर्ना कडेकडे बघतच नव्हती. खालच्या कोपऱ्यात एक त्रिकोण मावळतीकडे तोंड करून बसला होता. शेजारच्या गोधडीतही, अगदी तिथंच.

“इथं चुकलंय,” ती म्हणाली.

“चुकलं नाही, चुकवलंय. आईची शिकवण. बिनचूक काम एकट्या देवाचं, आपण आपल्या कामात एक तरी तुकडा उलटा ठेवावा.” आर्डिसनं त्या त्रिकोणावरून अंगठा फिरवला. “देवही चुकतो, हे आईला कुठं ठाऊक होतं.”

“सगळ्यांतच असा ठेवता?”

“अगदी पहिल्या जोडीपासून.”

लोर्नानं त्या उलट्या त्रिकोणावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “बेव्ह, माझं मत यंत्राला.”

“अगं! आणि तुझा तो नमुना?”

“सुटला.”

बेव्हनं टाळी वाजवली. बायका खुर्च्या सरकवत रुबार्बच्या केककडे वळल्या. कुणी सुरी शोधू लागलं, कुणी बशा. टेबलापाशी आर्डिस गोधडीची घडी घालत होती. लोर्नानं पुढं होऊन दुसरं टोक धरलं.

“माझ्याकडे एक आहे,” ती हळूच म्हणाली. “हिरवी.”

आर्डिसचे हात थांबले. “कुणी दिली तुला?”

“नर्सनं. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी निघाले तेव्हा.”

जोडीतली दुसरी कुणाबरोबर गेली, हे आर्डिसनं विचारलं नाही. आपली सुजलेली बोटं तिनं लोर्नाच्या हातावर ठेवली.

“मुलगी होती, की मुलगा?”