घुबडापुढे घेतलेलं नाव

घुबड शिकारीला निघालं की बाळाचं खरं नाव उच्चारायचं नाही, ऐकलं तर ते त्या बाळाचा जीव नेतं, असं कैरोतली प्रत्येक सासू बजावते. माझी तर अंधार पडला की माझ्या तमीमला ‘भिकारड्या’च म्हणते.

उकाड्यात रात्री मी आणि शेजारची समाह बाळांना घेऊन बागेत बसायचो. टरबुजाच्या बिया सोलत घुबड बघायचो. ते खजुरावरून जराही आवाज न करता गवतावर उतरायचं, उंदीर एकदाच चिरकायचा.

काल ते उतरलंच नाही. माझ्या मांडीवरच्या तमीमकडे टक लावून बसलं.

“आज उपास दिसतोय बाईसाहेबांचा,” समाह हसली. तिचा नूह बाबागाडीत भोकाड पसरून रडत होता.

तमीमला छातीशी घेऊन मी घुबडाला ऐकू जाईल असं म्हणाले, “नूह, गप हं राजा.”

“ए बये, नूह माझा. झोप पुरत नाही वाटतं तुला.”

घुबड आमच्या डोक्यावरून गेलं. पंजे रिकामे होते.

नूह रडता रडता मध्येच थांबला.

“झोपला एकदाचा,” समाह कुजबुजली. “तुझ्या तोंडात साखर पडो.”

मला मान वर करता येईना.

“उठवू नकोस,” मी म्हणाले.