हा शिंपी ना?

माजभाईने पाठवलेला फोटो नशराने बोटांनी मोठा केला आणि पुन्हा निरखून पाहिला.

झुडपाच्या फांदीवर चिमणीहून लहान पक्षी बसला होता. डोक्यावर तांबूस टोपी, अंग राखाडी, गळा काळपट. खाली भावाने विचारलं होतं, 'हा शिंपी ना?'

"काय म्हणतो गं?" हव्वाबीने, तिच्या अम्मीने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"पक्ष्याचं नाव विचारतोय."

"शुकर आहे अल्लाचा. पक्षी बघत फिरतोय म्हणजे मजेत आहे पोरगा."

बहीण-भावाचा हा खेळ जुना होता. माज जहाजावर वेटर होता तेव्हा फुकेत, पेनांग, कोलंबो, जिथे उतरेल तिथले पक्षी टिपायचा आणि पनवेलला पाठवायचा. नशरा पुस्तकं चाळून नाव शोधून काढायची. एखादा तिला ओळखता आला नाही की स्वारीला कोण आनंद!

महिन्यापूर्वी तो बँकॉकच्या हॉटेलात नोकरीला गेला. एजंटने सगळं जमवून दिलं होतं. पण तिथे पोचला आणि त्याचे फोन बंद झाले. यायचा तो फक्त मेसेज, 'मी बरा आहे. काळजी करू नका.' मस्करीशिवाय एक ओळ न लिहिणारा माज तेच ते वाक्य पाठवत होता. नवीन काम आहे, वेळ मिळत नसेल, असं अब्बा म्हणत.

परसातल्या शेवग्यावर शिंपी रोज यायचा. माजनेही तो शंभरदा पाहिला होता. हिरवट पाठीचा, पांढऱ्या पोटाचा. हा तो नव्हता. नशराने पुस्तकाचं पान फोटोशेजारी धरलं. आपली चूक निघू दे, अशी तिने मनोमन दुआ केली. चूक निघाली नाही. हा शिंपी वेगळ्या जातीचा, तो बँकॉकमध्ये नसतो. थायलंडमध्येच नसतो. तो जगात एकाच देशात सापडतो, कंबोडियात.

बातम्यांत पाहिलेल्या कंबोडियातल्या बंद इमारती तिला आठवल्या. नोकरीच्या नावाने नेलेली पोरं. काढून घेतलेले पासपोर्ट. फोनवरून लोकांना फसवायचं काम, आणि नाही म्हटलं की मार.

तिने अब्बांना दुकानात फोन लावला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"मी येतो," ते म्हणाले. "पोलिसांकडे जाऊ, वकिलातीला कळवू. पण बेटा, कुठे आहेस म्हणून त्याला विचारू नकोस. त्याचा फोन कोण वाचत असेल, सांगता येत नाही."

उत्तर तर द्यायलाच हवं होतं. फोटो पाहिल्याची निळी खूण तिकडे उमटली होती. भाई आपल्याशी खोटं बोलतोय, की आपण कुठे आहोत हे त्यालाच ठाऊक नाही? की फोटो पाठवणारा भाई नाहीच? पुढचा विचार तिने करूच दिला नाही स्वतःला.

पक्ष्याचं नाव तिने आजवर कधी अंदाजानेसुद्धा सांगितलं नव्हतं, आणि भाईला ते ठाऊक होतं. आता तिने जाणूनबुजून खोटं लिहिलं, 'हो भाई. आपल्या शेवग्यावरचाच शिंपी.'

तिकडून कोणीतरी टाइप करू लागलं. थांबलं. पुन्हा करू लागलं. दारात अब्बांची स्कूटर येऊन थांबली तरी नशराची नजर हलली नाही.

दुसरा फोटो आला. 'शाबास. आता हा ओळख.'

उंच भिंत, भिंतीवर काटेरी तारा, आणि लोखंडी गेटावरच्या पाटीवर बसलेलं एक साधं कबूतर. कबूतर कोणीही ओळखलं असतं; पाटीवर त्या इमारतीचं पूर्ण नाव होतं.